आठवी, दुसऱ्यांदा

त्या माणसाने माझ्या मुलीला विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "बुटाचा नंबर किती?"

नाव विचारलं नाही, शाळा विचारली नाही, कधीपासून खेळतेस तेही नाही. तिने नंबर सांगितला तसा तो खुर्चीत थोडा वाकला आणि टेबलाखालून तिचे पाय बघू लागला. मग माझ्या नवऱ्याला नखशिखांत न्याहाळलं, मग मला. माझ्यावरून त्याची नजर लगेच हटली, कारण माझी उंची जेमतेम पाच फूट. "आईकडून फारसं काही मिळालेलं दिसत नाही," असं तो इंग्रजीत म्हणाला आणि हसला. मी इथे आखातात, करामा भागातल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. किडलेल्या दाढा, सुजलेले गाल, रक्ताच्या गुळण्या हे सगळं रोज माझ्या डोळ्यांसमोर असतं आणि त्याचं मला काही वाटत नाही. डबा मी तिथेच खाते. पण त्या दिवशी समोरचा चहा मी तसाच बाजूला सरकवला. बाजारात सुरमईचा कल्ला उचलून आत लाल आहे का बघतात, तसा तो माझ्या पोरीला बघत होता, आणि माझा नवरा शेजारी बसून मान डोलवत होता.

हा माणूस सल्लागार होता. अल क्वोजमध्ये गॅरेज आणि गोदामांच्या रांगेत एक गोदाम आतून रिकामं करून त्यात हिरवं खोटं गवत अंथरलंय. खाली मुलं खेळतात आणि वर काचेच्या खोलीत हा बसतो. शाळकरी खेळाडूंना अमेरिकेतल्या कॉलेजांच्या संघात जागा मिळवून द्यायची, खेळाच्या जोरावर फी माफ करून घ्यायची, हा त्याचा धंदा. बारावी झाल्यावर बघू म्हणणारे पालक त्याच्या मते अडाणी. दहावीत जागे होणारे उशिरा आलेले. शहाण्यांनी आठवीतच यायचं. माझी मुलगी तेव्हा आठवीतच होती, त्यामुळे आम्ही शहाण्यांत मोडलो.

नवऱ्याच्या डोक्यात हे खूळ ईदच्या दिवशी शिरलं. तो खोर फक्कानच्या बंदरात कंटेनर यार्डवर सुपरवायझर आहे. आठवडाभर तिथे खोलीवर राहतो आणि शुक्रवारी दुपारी करामाला घरी येतो. ईदला आमची कोकणातली मंडळी एकत्र जमतात, बिर्याणी होते, गावाकडच्या जमिनींवरून वाद होतात. त्या वर्षी कुणीतरी बातमी आणली की अमुक एकाची भाची हॉकीवर अमेरिकेला गेली. "हॉकीवर गेली" हे शब्द नवऱ्याने घरी येऊन इतक्यांदा म्हटले की मला ती पोरगी हॉकीच्या काठीवर बसून समुद्र ओलांडताना दिसायला लागली. त्यात त्याला कळलं की तिकडच्या कॉलेजांत ही आपली हिरवळीवरची हॉकी जवळजवळ फक्त मुलीच खेळतात. मग काय, त्याला वाटलं अल्लाने हा खेळ खास आमच्या घरासाठीच राखून ठेवलाय.

खरं सांगायचं तर पोरगी गोलकीपर झाली ती अपघाताने. पाचवीत शाळेच्या सरावाला ती उशिरा पोचली, काठ्या संपल्या होत्या आणि फक्त गोलकीपरचे पॅड उरले होते. ते तिच्या मांड्यांपर्यंत यायचे. ती पॅड घालून डुगडुगत गोलात जाऊन उभी राहिली आणि तिथून ओरडायला लागली, ती आजतागायत ओरडतेय. घरी तिला कुणीतरी सारखं सांगत असतं, हळू बोल, नीट बस, ओढणी सावर. गोलात कुणी काही सांगत नाही. तिथे ओरडणं हेच काम. हिंदी, मराठी, इंग्रजी सगळं एकत्र करून ती अख्खा बचाव हलवायची. "लेफ्ट, लेफ्ट, अगं लेफ्ट! छोड, मेरा है!" तिच्या वर्गातल्या मल्याळी, तमिळ मुलीसुद्धा "अगं" शिकल्या. आणि नवरा, हे मला सांगितलंच पाहिजे, तेव्हा फार चांगला बाप होता. आम्ही सुट्टीत खोर फक्कानला गेलो की समुद्राकाठी वाळूत दोन चपला ठेवून तो तिला चेंडू मारायचा, ती वाळूत लोळून अडवायची, आणि तो स्वतःच हरल्यासारखा डोक्याला हात लावून बसायचा. तेव्हा अमेरिका कुठे होती?

सल्लागाराने आम्हाला पाच वर्षांचा आराखडा समजावून सांगितला. पहिला व्हिडिओ. पोरीचे उत्तम बचाव कापून एकामागोमाग लावायचे. मग कोचना पत्रं. गंमत अशी की त्या तिकडच्या कोचना दहावी संपेपर्यंत पोरीशी बोलायची परवानगीच नसते, नियमच आहे तसा. म्हणजे ते उत्तर देणार नाहीत हे ठरलेलं. पण तिने मात्र लिहीत राहायचं. नम्रपणे, उत्साहाने, दर दोन महिन्यांनी. मी विचारलं, उत्तर येणारच नाही तर लिहायचं कशाला? तो म्हणाला, लिहिणारी मुलगी लक्षात राहते. मला आमच्या गावातल्या त्या वधूपित्यांची आठवण झाली, जे नकार आल्यावरही मुलाकडच्यांना दर मोसमात हापूसची पेटी पाठवायचे.

व्हिडिओ तयार झाला तो मी पाहिला. माझी पोरगी उडी मारतेय, पायाने चेंडू भिरकावतेय, आडवी होतेय, आणि मागे कसलंतरी धडाडधूम संगीत. तिचा आवाज नाही. मी म्हटलं, आवाज कुठे गेला? कळलं की आवाज काढून टाकलाय. ती हिंदीत ओरडते, शिवाय मधेच "अगं" म्हणते, ते कोचना कळणार नाही, वाईट दिसेल. पोरगी शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, "आय लुक लाइक अ फिश." तोंड उघडतंय, मिटतंय, आवाज नाही. मला हसू आलं आणि मग इतका संताप आला की मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच भांडी घासली.

इथवर सगळं नाटकीच होतं, पण सहन करण्याजोगं होतं. लोक याहून मोठी सोंगं करतात. पुढे जे झालं ते मात्र मी आजही गिळू शकलेले नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत सल्लागाराने एक शब्द वापरला, रीक्लास. पोरगी मार्चमध्ये जन्मलेली, वर्गातली सगळ्यात लहान. तिच्याबरोबर तपासल्या जाणाऱ्या इतर मुली वयाने मोठ्या, उंच, ताकदीच्या. गोलकीपरला उंची हवी. तेव्हा सोपा उपाय असा की तिने आठवी पुन्हा करायची. नववीत जाण्याआधीच करायची, कारण नववी सुरू झाली की तिकडचं घड्याळ चालू होतं आणि मग वर्ष वाढवता येत नाही. एक वर्ष मागे बसली की कोचच्या नजरेला पडेपर्यंत ती एक वर्षाने मोठी, चार बोटं उंच. "धिस इज अ गिफ्ट," तो म्हणाला. "यू आर गिफ्टिंग हर अ यिअर."

नवरा माझ्याकडे वळला आणि मराठीत हळूच म्हणाला, "म्हणजे नापास?"

तेवढं मराठी त्या माणसाला कुठून कळलं कुणास ठाऊक, की नवऱ्याच्या तोंडावरूनच कळलं. तो घाईघाईने म्हणाला, "नो नो नो. नॉट फेल. रीक्लास." आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, नवऱ्याचा चेहरा निवळला. ज्या शब्दाने तो धास्तावला होता त्याच गोष्टीला दुसरं नाव मिळाल्याबरोबर तो खुलला. घरी येताना मेट्रोत तो तोच शब्द तोंडात घोळवत होता, रीक्लास, रीक्लास. नव्या बुटासारखा घालून बघत होता.

मी म्हटलं, "ही पोरगी पंचाण्णव टक्के मार्क मिळवते. तिला तुम्ही आठवीत परत बसवणार?"

"अगं, तिच्याच फायद्यासाठी. इथे सगळे करतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळे," तो म्हणाला. "तू दवाखान्यात बसतेस, तुला बाहेरचं काय माहीत?"

अडचण एकच होती, पोरगी नापास होत नव्हती. नवी शाळा, जी सल्लागाराने सुचवली होती, ती अमेरिकन अभ्यासक्रमाची आणि सप्टेंबरला सुरू होणारी. पण आठवी पास झालेल्या मुलीला ती आठवीत घेणार नव्हती. वय आणि इयत्ता यांचे इथले नियम कडक आहेत, कागद चोख लागतात. त्यावर त्या काचेच्या खोलीतल्या विद्वानाने तोडगा काढला, तो तोंडाने स्पष्ट बोललाही नाही, खांदे उडवून फक्त एवढंच म्हणाला की काही मुलांना शेवटच्या परीक्षेत जमत नाही, असं होतं कधीकधी. नवऱ्याला तेवढं पुरे झालं.

हे त्याने पोरीला गाडीत सांगितलं. आम्ही खोर फक्कानला निघालो होतो. तो गाडी चालवत होता, मी शेजारी, ती मागे कानात इअरफोन घालून. त्याने तिला ते काढायला लावलं. रस्ता डोंगरातून जातो, बोगद्यामागून बोगदे येतात, आणि प्रत्येक बोगद्यात त्याचा आवाज उगाचच मोठा व्हायचा.

"गणित आणि सायन्सचा पेपर लिहायचा नाही, बेटा. हजर राहायचं, बसायचं, पण लिहायचं नाही. मग फेरपरीक्षा असते, तिला जायचंच नाही. खलास."

ती मागून पुढे वाकली आणि म्हणाली, "यू वॉन्ट मी टू फेल? ऑन पर्पज?"

"फेल नाही. रीक्लास."

"अब्बा, दॅट्स फेलिंग."

"फेल तो होतो ज्याला येत नाही. तुला येतं. तू फक्त लिहायचं नाहीस."

मी त्याला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. त्याने घेतली नाही. मग मी चालत्या गाडीतच जे काही म्हणायचं ते म्हटलं. शरम नाही वाटत, म्हटलं. पहिलीपासून हिला एक मार्क कमी पडला की तोंड पाडून बसायचात तुम्ही, आणि आता तिला कोरा पेपर द्यायला सांगताय? उद्या ती कशावर विश्वास ठेवेल? नवरा शांतपणे म्हणाला की मला दूरचं दिसत नाही. अमेरिकेतलं कॉलेज, फी माफ, पुढे नोकरी, पुढे सगळंच. आपण दोघं इथे व्हिसावर जन्म काढतोय, पोरीने तरी काढू नये. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त किळस आली. इतकी रास्त भीती आणि तिच्यापायी इतकं घाणेरडं काम.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी पोरीला बजावलं, पेपर लिही. बाकीचं मी बघते. ती हो म्हणाली. बापाला काय म्हणाली ते मला ठाऊक नाही, बहुधा त्यालाही हो म्हणाली असेल.

काही दिवसांनी शाळेतून फोन आला. गणिताच्या बाईंनी बोलावलं होतं. केरळच्या त्या, पन्नाशीच्या, आवाज अगदी मऊ. त्यांनी मला आधी पाणी दिलं. मग हिंदीत विचारलं, घर में सब ठीक है ना? कुणी आजारी आहे का? मुलीला काही त्रास आहे का? मग त्यांनी पेपर समोर ठेवला. समास आखलेला होता, दुहेरी रेघेने. प्रत्येक प्रश्नाचा क्रमांक लिहिलेला, खाली अधोरेखित केलेला, आणि प्रत्येक क्रमांकाखाली उत्तराला लागेल तेवढी जागा सोडलेली. मोठ्या प्रश्नाला मोठी, छोट्याला छोटी. बाकी काही नाही. बाई म्हणाल्या, तुमची मुलगी घाबरली असेल, आपण फेरपरीक्षा घेऊ, मी स्वतः शिकवीन, शनिवारी माझ्या घरी पाठवा. एवढ्या चांगल्या बाईसमोर मी काय बोलणार? मी म्हटलं, आम्ही शाळा बदलतोय. त्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं मी मुलीवर चिडलेय. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, तिला मारू नका.

घरी येऊन मी पोरीला विचारलं, मला हो म्हणाली होतीस ना? ती पलंगावर आडवी पडून छताकडे बघत होती. म्हणाली, अब्बांनी सांगितलं होतं की मी लिहिलं तर अम्मी आणि त्यांचं आयुष्यभर भांडण होईल. मग म्हणाली, "इट वॉज सो बोरिंग, अम्मी. थ्री आवर्स. आय डिड देम ऑल इन माय हेड." सगळी बरोबर आली होती म्हणे. नंतर तिने मैत्रिणीला उत्तरं विचारून ताडून पाहिली होती.

त्या आठवड्यात नवरा घरी आला तेव्हा त्याने पोरीसाठी नवे ग्लोव्ह आणले होते. मी त्याला जेवायला वाढलं नाही. त्याने स्वतः घेतलं.

एप्रिलमध्ये तिच्या वर्गातल्या मुली नववीत गेल्या. त्यांची बस सकाळी आमच्या इमारतीखाली थांबायची, कारण आणखी दोन मुली तिथून चढायच्या. पोरगी त्या वेळेला पडदा ओढून घ्यायची. मैत्रिणींना तिने सांगितलं की करिक्युलम चेंज आहे, त्यात वर्ष जातं. ते वाक्य तिला बापाने शिकवलं होतं आणि सगळ्यांनी ते गिळलं. मार्कांचं कुणाला कळलं नाही. सप्टेंबरपर्यंत ती अल क्वोजच्या त्या गोदामात खोट्या गवतावर पडत राहिली, उठत राहिली. दर महिन्याला उंची मोजायची. नवरा खोर फक्कानहून फोन करून आधी तेच विचारायचा. "वाढली का?" भाताच्या रोपाचीसुद्धा इतकी चौकशी कुणी करत नाही.

आणि नव्या शाळेत काय निघालं? तिच्या आठवीत हॉकी खेळणाऱ्या पाच मुली, त्यातल्या तिघी त्याच सल्लागाराच्या. तिघींनी आठवी दुसऱ्यांदा घेतलेली. एक गोलकीपरच होती, माझ्या पोरीपेक्षा वर्षाने मोठी आणि वीतभर उंच. म्हणजे आमच्या विद्वानाने सगळ्यांनाच एकेक वर्ष भेट दिलं होतं, आणि सगळे एकत्र मागे सरकल्यामुळे जो तो पुन्हा जिथल्या तिथे. मी हे नवऱ्याला सांगताना हसत सुटले. त्याला हसू आलं नाही. तो सल्लागाराकडे गेला आणि परत आला तेव्हा त्याच्याकडे नवी बातमी होती. बारावीनंतरही एक जादा वर्ष घेता येतं. त्यालाही एक छान नाव आहे. मी ते लक्षात ठेवलेलं नाही.

डिसेंबरमध्ये नवऱ्याची थोरली बहीण आली, पोरीची फुफू. विधवा बाई, रत्नागिरीजवळ गावात राहते, पहिल्यांदाच विमानात बसली. नवऱ्याने हौसेने व्हिजिट व्हिसा काढला होता. येताना तिने आमसुलं, सुके बांगडे, तांदळाचं पीठ असं इतकं आणलं की घराला आठवडाभर गावाचा वास येत होता. मला ती आवडते. फटकळ आहे, पण मनात काही ठेवत नाही. आठवीत तिची शाळा सुटली, घरी माणूस हवं होतं म्हणून, असं मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेले. यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं.

शुक्रवारची दुपार. नवरा जुम्याची नमाज पढून आला होता. आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. फुफूने भाकऱ्या केल्या होत्या. पोरीच्या ताटात बांगड्याचा तुकडा काटे काढून ठेवत तिने सहज विचारलं, "आता कितवीत गं तू?"

"एट्थ."

फुफूचा हात थांबला. "आठवी? मागच्या हिवाळ्यात फोनवर आठवीच म्हणाली होतीस. माझा नातू तुझ्याच वयाचा, तो नववीत गेला."

"इथे शाळा वेगळी असते, आपा," नवरा म्हणाला. "अभ्यासक्रम बदलला."

पण पोरीला तो खोटेपणा आता नकोसा झाला असावा. ती बापाकडे न बघता म्हणाली, "फुफू, मी रिपीट केलं. मॅथ्स अँड सायन्समध्ये फेल झाले."

फुफूने ताटातून हात काढला. मला वाटलं आता ही पोरीला बोलणार, आणि मी पोरीच्या बाजूने तोंड उघडायच्या तयारीत होते. पण ती भावाकडे वळली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ती घाबरली होती.

"हिची शाळा बंद करायची नाही हां," ती त्याला म्हणाली. "सांगून ठेवते. काय वाट्टेल ते होवो, शाळा बंद करायची नाही."

"नाही, आपा. कोण बंद करतंय? जातेय ती."

"मी गणितातच गेले होते," फुफू म्हणाली. आता ती आमच्या कुणाकडे बघत नव्हती. "निकाल लागला आणि अब्बांनी माझं दप्तर माळ्यावर टाकलं. मी पाय धरले. म्हटलं, अब्बा, मला परत बसू द्या आठवीला. एकच वर्ष द्या. मास्तर घरी आले सांगायला, पोरगी हुशार आहे, एकदा चुकलं तर चुकलं. अब्बा म्हणाले, तीच इयत्ता दोन-दोनदा शिकवायला ही काय कलेक्टर होणार आहे? मास्तर गेले. पुढच्या वर्षी माझं लग्न." मग तिने भावाकडे पाहिलं. "तू ओसरीवर खेळत होतास. लहान होतास, तुला नाही आठवणार."

"आठवतं," नवरा म्हणाला.

त्याला आठवत होतं. गाडीत, बोगद्यांतून जाताना, खलास म्हणताना, त्याला हे आठवत होतं. माझ्या तोंडात सगळं आलं. मुद्दाम, आपा, मुद्दाम केलंय यांनी, तुम्ही ज्या वर्षासाठी पाय धरलेत ते यांनी पोरीच्या उंचीसाठी उधळलं. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात पोरीने टेबलाखालून माझं मनगट पकडलं. गोलात चेंडू पकडते तितक्या ताकदीने.

"अम्मी, प्लीज," ती पुटपुटली. "डोन्ट टेल हर इट वॉज ऑन पर्पज."

मी गप्प झाले. ती बरोबर होती. फुफूला कळलं असतं तर नवऱ्याची फजिती झाली असती, ती मला हवीच होती. पण ती बाई ज्यासाठी जन्मभर झुरली ती गोष्ट आमच्याकडे एक युक्ती होती, हे तिने ऐकायला नको होतं. चौदा वर्षांच्या मुलीला ते माझ्याआधी कळलं.

फुफू उठली, हात धुऊन आली आणि भावाच्या मागे उभी राहिली. त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले. ती रडत होती, पण आनंदाने. "अब्बांना जे सुचलं नाही ते तुला सुचलं," ती म्हणाली. "लेक नापास झाली तरी तू तिला परत बसवलंस. माझ्या वाट्याला असा बाप नाही आला, पण माझा भाऊ असा निघाला. अल्ला तुझ्या घरात बरकत देवो. तुझ्यासारखा बाप प्रत्येक पोरीला मिळो."

पोरगी बापाकडे बघत होती. पापणी न हलवता, जशी ती पेनल्टीला उभ्या राहिलेल्या खेळाडूकडे बघते. अजून वेळ होता. एक वाक्य तो बोलू शकला असता, निदान मान खाली घालू शकला असता.

नवऱ्याने दोन्ही तळवे वर केले, चेहऱ्यावरून फिरवले आणि म्हणाला, "आमीन."